पंचवीस मिनिटं आधीचे बारा

१

गुड फ्रायडेच्या दुपारी अडीच वाजता आमच्या कथीड्रलमधल्या मरियामातेच्या छातीतला चांदीचा खंजीर नाहीसा झाला, आणि चारच्या आत सगळ्यांनी ठरवून टाकलं की तो मी चोरला.

मी म्हणजे ओनोरातो. मोन्तेराल्लोच्या कथीड्रलच्या किल्ल्या, घंटा, मेणबत्त्या आणि उंदीर यांची जबाबदारी माझ्याकडे. घंटाघराच्या पायथ्याच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको नोएमी आणि तिचे वडील राहतो. या खोल्या नोकरीबरोबर मिळाल्यात आणि नोकरीबरोबरच जाणार. माझी आधीच एक चूक पोटात घातलेली होती. दोन वर्षांपूर्वी नोटरीसाहेब गेले असं ऐकून मी मयताची घंटा वाजवली होती, आणि नोटरीसाहेब दुपारच्या झोपेतून दचकून उठून खिडकीत आले होते. तेव्हा मोठे फादर लिबोरियो मला म्हणाले होते, "ओनोरातो, आणखी एक चूक आणि किल्ल्या माझ्या टेबलावर."

आमची ही दुःखी मरियामाता वर्षभर पडद्याआड असते. गुड फ्रायडेला तिला काळी मखमल नेसवतात, दुःखाची खूण म्हणून छातीत खंजीर खोवतात आणि संध्याकाळी सहाला मुलाच्या, येशूच्या, मृतदेहामागून खांद्यावरून गावभर नेतात. मुखडा आणि हात तेवढे कोरीव, बाकी आत लाकडाचा सांगाडा. नेसवायचं काम बायकांचंच, आणि तेव्हापासून मिरवणुकीपर्यंत पुरुषाने पडद्याआड फिरकायचंसुद्धा नाही. चाळीस वर्षं हा मान पाल्मिरामावशीचा आहे. ती गावची शिंपीण, वय सत्तर, तोंडात कायम चार टाचण्या. टाचण्या धरूनच ती बोलते आणि आम्हाला सगळं कळतं. ती टाचण्या बाहेर काढते तेव्हाच घाबरायचं.

त्या दिवशी अडीचला मी मोठं दार उघडलं. मावशी बुरखा नीट करायला पडद्याआड गेली. बराच वेळ आतून आवाजच आला नाही. मग ती बाहेर आली आणि टाचण्या हातात घेऊन म्हणाली, "खंजीर नाही. कुणी आत जायचं नाही. मोठ्या फादरना बोलवा, आणि फौजदारांनाही."

२

फौजदार स्कादुतो सिसिलीचे. अकरा वर्षं आमच्यात राहूनही आमच्या गावाला ते अजून परगावच मानतात. त्यांनी वही काढली आणि तासाभरात अर्ध्या गावाचे जबाब लिहून घेतले. तीनची उपासना एकीकडे चालू होती आणि दुसरीकडे हे.

हिशेब सरळ दिसत होता. गुरुवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत येशूच्या सुतकात आमच्या घंटा बांधलेल्या असतात. घड्याळाचा हातोडाही त्याच दोरात येत असल्यामुळे मनोऱ्यावरचं घड्याळही मुकं होतं. त्या दोन दिवसांत बारा वाजले की मी लाकडी खडखडा घेऊन पायऱ्यांवर उभा राहतो, तो वाजवतो आणि गावातून एक फेरी मारतो. उपासाच्या दिवशी बाराच्या आत कुणी जेवायचं नाही. खडखडा वाजला की मग अख्खं गाव एकदम ताटावर बसतं.

बाराला मी मोठं दार लावलं तेव्हा पडद्याच्या फटीतून खंजिराची मूठ चमकताना दिसली होती, हे मी सांगितलं. बाजूच्या गल्लीतलं लहान दार म्हातारे फादर चेल्सो रोज बाराच्या ठोक्याला आतून कडी घालून बंद करतात, आणि सॅक्रिस्टीतून, म्हणजे पूजेची वस्त्रं ठेवायच्या मागच्या खोलीतून, आपल्या घरात जेवायला जातात. फादर चेल्सो ठार बहिरे आहेत, त्यामुळे घंटा असो की खडखडा, ते स्वतःच्या खिशातल्या घड्याळावर चालतात. कडी बाराला घातली, असं त्यांनी वहीत स्वतः लिहून दिलं.

"म्हणजे बाराला दोन्ही दारं बंद," फौजदार म्हणाले. "अडीचपर्यंत बंदच. कुलूप तोडलेलं नाही. किल्ली एकच. ती कुणाकडे असते?"

ती माझ्या कमरेला लटकत होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं.

मोठे फादर लिबोरियो आवाज चढवत नाहीत. ते हळू बोलतात, ते जास्त वाईट. म्हणाले, "सहाला मिरवणूक निघेल. तोपर्यंत खंजीर छातीत, नाहीतर किल्ल्या टेबलावर. आणि खोल्या ईस्टरनंतर रिकाम्या." पडदा तसाच राहू दे, गावात बोभाटा नको, असंही त्यांनी बजावलं. तोवर बाहेर मच्छीवाल्याच्या दुकानात चोरीच्या तीन निरनिराळ्या हकिकती तयार झाल्या होत्या.

मी चोरी केली नव्हती. पण मी दुसरं एक काही केलं होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती.

३

माझ्याखेरीज आणखी दोन नावं फौजदारांच्या वहीत होती.

पहिलं नोटरीणबाई क्लोरिंदा यांचं. खंजीर त्यांच्या पणजोबांनी वाहिलेला. यंदा मिरवणुकीत मातेच्या अगदी मागे चालायचा हट्ट त्यांनी धरला होता. मोठ्या फादरनी नाही म्हटलं, तेव्हा बुधवारी मच्छीवाल्याच्या भरल्या दुकानात बाई म्हणाल्या होत्या, "मग माझा खंजीर मला परत द्या, आणि तुमच्या मातेला सुरी खोवा." फौजदार त्यांच्याकडे टोपी काढून गेले. बाराला त्यांच्या टेबलावर चौदा माणसं होती आणि त्यात एक न्यायाधीश होता, हे ऐकून टोपी घालून परत आले.

दुसरं नाव श्रीमती अम्स्टुट्झ. ही स्वीस विधवा सोमवारी आमचं कथीड्रल बघायला आली आणि अजून बघतच होती. बाकीचे प्रवासी पट्टेरी संगमरवराकडे मान वर करून बघतात, दहा मिनिटांत सुस्कारा टाकतात आणि आइस्क्रीम खायला जातात. ही बाई जमिनीवर पालथी पडून आमच्या फरशीवरची चित्रं मोजपट्टीने मोजायची. आठशे वर्षं आम्ही ज्यावरून चालतोय, त्यावर कुणी पालथं पडावं याची नोएमीला फार मौज वाटे. मी दार लावताना शेवटी हीच आत होती. मीच तिला बाहेर काढलं होतं.

फौजदारांनी तिला विचारलं तर तिने त्यांच्याच हातात एक तक्रार ठेवली, सुवाच्य अक्षरात लिहिलेली. दारावरच्या पाटीवर बारापर्यंत उघडे असे लिहिले असताना या इसमाने मला अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी हाकलले, माझी चोविसावी फरशी मोजायची राहिली, इत्यादी. अकरा चाळीसपासून ती चौकात बसून ही तक्रारच लिहीत होती, आणि समोर दुकानातच जेवायला बसलेल्या न्हाव्याने तिला पाहिलं होतं.

फौजदार पोट धरून हसले. "बाई, सगळं गाव सांगतंय बारा. एकोणीस जबाब आहेत माझ्याकडे. आणि तुमचं एक घड्याळ म्हणतंय अकरा पस्तीस."

"माझं घड्याळ," ती शांतपणे म्हणाली, "स्वीस आहे."

यावर सगळे आणखी हसले. न्हावी तर म्हणाला की खडखडा वाजला तेव्हा सूर्य अगदी डोक्यावर होता, मी डोळ्यांनी पाहिला. सकाळपासून आभाळ गच्च होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

हसली नाही ती फक्त पाल्मिरामावशी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने एक मेणबत्ती विझवली, जी आधीच विझलेली होती.

४

उपासना संपली तेव्हा चार वाजत आले होते. मावशी म्हणाली, "ओनोरा, चल माझ्याबरोबर," आणि मला घेऊन गल्लीबोळांतून चौकशी करत निघाली. माझं लक्ष तिच्या प्रश्नांकडे होतं आणि ते प्रश्न मला मुळीच आवडत नव्हते. ती चोरीचं विचारतच नव्हती. ती जेवणाचं विचारत होती.

आधी ती फादर चेल्सोंच्या स्वयंपाकीणबाईकडे, तेरेसिनाकडे गेली. दोघी आधी मसाल्यावर बोलल्या, मग गुडघ्यांवर. मग तेरेसिनाने आपणहून रडगाणं लावलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा फादर जेवायला उशिरा आले. मी खडखडा ऐकला आणि छोल्यांचं सूप वाढलं, आणि हा माणूस सूप थंडगार झाल्यावर येतो, वर मलाच घड्याळ दाखवतो. मी आता कुणाकुणाची म्हातारपणं काढू?

बाहेर गल्लीत आल्यावर मावशी थांबली. समोर लहान दार होतं आणि दारासमोर आर्जियाचं घर. आर्जिया कथीड्रलचे कपडे धुते. सकाळी ती धुतलेले रुमाल घेऊन आली होती, आणि मावशी मखमलीत खंजीर खोवत होती तेव्हा बाजूला उभी होती. नंतर मावशीनेच मला सांगितलं की ती बराच वेळ बघत राहिली आणि मग विचारलं, "किती खोल जातो?" बोटभर, आतल्या लाकडापर्यंत, असं मावशी म्हणाली होती.

मावशीने टाचण्या तोंडातून काढून गाऊनच्या कॉलरला लावल्या.

"खडखडा किती वाजता वाजवलास?"

"बाराला."

"ओनोरा."

"साधारण बाराला."

"फादर चेल्सो सतरा वर्षांत सुपाला उशिरा आलेले नाहीत. आजही आलेले नाहीत. सूपच लवकर झालं."

मग मी सगळं सांगून टाकलं, कारण तिच्यापुढे खोटं बोलायचं म्हणजे टाचण्यांच्या डब्यात हात घालायचा. गुरुवारच्या रात्रीपासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मी मेणबत्त्या लावत फिरत होतो आणि गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून छोले, लसूण आणि रोजमेरीचा वास येत होता. मी सॅक्रिस्टीतलं घड्याळ पाहिलं, अकरा तेहतीस. पुन्हा पाहिलं, तरी तेच. मग मी ते पाहायचंच सोडलं. घंटा बांधलेल्या, मनोऱ्याचं घड्याळ मुकं, आभाळ झाकलेलं. मी म्हटलं, कुणाला कळतंय. त्या स्वीस बाईला बाहेर काढलं, दार लावलं आणि खडखडा हाणला.

"आणि सगळं गाव जेवायला बसलं," मावशी म्हणाली.

"उपासाच्या दिवशी. बाराच्या आत." माझा आवाज रडवेला झाला होता. "नऊशे माणसांचा उपास मोडला माझ्यामुळे. हे कळलं तर मोठे फादर खोल्या ईस्टरपर्यंतसुद्धा ठेवायचे नाहीत. मावशी, चोर म्हणून गेलो तर निदान सासऱ्यांपुढे नाकारता तरी येईल. हे कसं नाकारू?"

मावशीला माझ्या पापाशी देणंघेणं दिसत नव्हतं. ती लहान दाराकडे बघत होती. मोठं दार अकरा पस्तीसला लागलं, हे दार बाराला. मधली पंचवीस मिनिटं हे दार उघडं, कथीड्रल रिकामं आणि सॅक्रिस्टीत एकटा बहिरा फादर. फौजदारांची बंद खोली कधी बंद नव्हतीच.

"पण मावशी, कुणीही येऊ शकलं असतं मग," मी म्हणालो.

"कुणीही नाही." ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. खंजीर काढल्यावर मखमलीला जे भोक पडलं होतं, ते शिवलेलं आहे."

५

चोरी करणारा माणूस घाईत असतो. हा चोर मात्र खंजीर काढून जखम शिवत बसला. अकरा टाके, बारीक, काळ्या दोऱ्याचे, मोजे रफू करतात तसे. दहा मिनिटांचं तरी काम.

मावशीने मला वाटेत चालताचालता कोडं सोडवून दाखवलं. फौजदारांना ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण नेसवलेल्या मातेच्या जवळ पुरुषाने जायचं नाही. म्हणजे हे करणारी बाई. नोटरीणबाईंची बटणंसुद्धा मावशीच लावते, त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. स्वीस बाई चौकात बसलेली, न्हाव्याच्या नजरेसमोर.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू शिवलं असतंस तर तुझं बोट मातेला जोडलेलं सापडलं असतं."

राहिल्या बाकीच्या बायका. सगळ्यांनी सांगितलं होतं, खडखडा वाजला तसे आम्ही जेवायला बसलो. मावशी म्हणाली, फौजदारांनी पुरुषांना विचारलं, घरातले सगळे टेबलावर होते का, आणि पुरुषांनी 'होते' म्हणून सांगितलं. वाढणारी बाई टेबलावर असते की नसते, हे कुठल्या पुरुषाच्या लक्षात राहतं? तिची आठवण होते ती पुढचा पदार्थ येईना तेव्हा.

आर्जियाचा मुलगा विनिचो पायरीवर बसून जोडे पुसत होता. संध्याकाळी मातेच्या चौथऱ्याला खांदा द्यायचा होता त्याला. नऊ वर्षांनी तो मंगळवारी बेल्जियमच्या खाणीतून परत आला होता. हिवाळ्यात तिथली खाण खचली तेव्हा चौदाजण आत अडकले होते. तिसऱ्या दिवशी सहा जिवंत बाहेर आले, त्यातला हा एक. मावशीने त्याला विचारलं, काय रे, आईने काय खाऊ घातलं?

तो हसला. म्हणाला, छोल्यांच्या सुपाच्या दोन वाट्या संपवल्या मी, मावशी, तरी मासा येईना. आई शेजारी व्हिनेगर आणायला गेली ती गेलीच. नऊ वर्षांनी मुलगा आलाय, आणि ही शेजारणीशी गप्पा मारत बसली असणार.

शेजारीण मंगळवारपासून मुलीकडे गेलेली होती. हे मला ठाऊक होतं, मावशीलाही. दोघं आत गेलो.

आर्जिया भांडी घासत होती. आम्हाला बघून तिने हात पुसले, कपाटाचा खण उघडला आणि घडी केलेल्या रुमालांच्या खालून खंजीर काढून टेबलावर ठेवला. चांदी तिने घासून लख्ख केली होती. तिने काही नाकारलं नाही, रडलीही नाही.

"आजच्यापुरताच घेतला," ती म्हणाली. "ईस्टरला सकाळी परत ठेवणार होते. पोरगा तीन दिवस जमिनीखाली होता ना, पाल्मिरा, तेव्हा कळलं मला हा कुठे बसतो ते. मी तिला म्हटलं, माझं पोर वर येऊ दे, तुला काय देऊ? सोनं माझ्याकडे नाही. मेणबत्ती तर सगळेच लावतात. मग म्हटलं, तुझ्या छातीतलं हे काढीन मी. पोर तर तुझं जाणारच आज, ते मी कशी थांबवू. पण एवढी एक मिरवणूक तरी तू याच्याशिवाय चाल."

मावशी खुर्चीत बसली. मी दारातच उभा राहिलो.

मग आर्जियाने खंजीर उचलून माझ्या हातात दिला. "घेऊन जा, ओनोरातो. तुझी नोकरी जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिचाच विचार केला, तुझा नाही केला. चुकलं माझं."

६

पाच वाजून गेले होते. पडद्याआड मावशीने मला उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिथे उभा होतो. एका हातात खंजीर होता. मावशीने कात्री काढली.

"उसवायला एक मिनिट लागेल," ती म्हणाली. "खंजीर जागेवर गेला की फौजदारांना सांगू, फरशीवर पडला होता, सापडला. तुझ्या खोल्या वाचतील. नाहीतर हे असंच राहील आणि तू जाशील. घर तुझं आहे, तूच सांग."

मी ते अकरा टाके पाहिले. मला खोल्या हव्या होत्या. मला नोएमीचा चेहरा दिसत होता, सासऱ्यांचाही, आणि सासऱ्यांचा जास्त स्पष्ट. मी आयुष्यात धीटपणाचं काही केलेलं नाही, आणि तेव्हाही मला धीट वाटत नव्हतं, फक्त ते टाके उसवलेले मला बघवले नसते. मी म्हटलं, "राहू द्या मावशी," आणि खंजीर कोटाच्या आतल्या खिशात घालून मोठ्या फादरकडे गेलो.

सॅक्रिस्टीत फादर लिबोरियो आणि फौजदार दोघंही होते. मी म्हणालो, खंजीर सापडला आहे, सुखरूप आहे, आणि ईस्टरच्या सकाळी जागेवर असेल. आज नाही. कुणी घेतला ते सांगणार नाही. आणि माझी एक चूक सांगायची आहे. मग मी खडखड्याचं सांगितलं.

फादर लिबोरियोंनी हात पुढे केला. मी कमरेच्या किल्ल्या सोडायला लागलो. दोरीची गाठ काही सुटेना, आणि तेवढ्या वेळात फौजदार बोटांवर काहीतरी मोजत होते.

"थांबा हं," ते म्हणाले. "खडखडा अकरा पस्तीसला. म्हणजे मी अकरा चाळीसला जेवलो."

"हो, साहेब."

"मासा, आणि वर दोन अंड्यांचं ऑम्लेट."

"जे काही घेतलं असेल ते, साहेब."

फौजदार सावकाश फादर लिबोरियोंकडे वळले. "फादर, तुम्ही किती वाजता जेवलात?"

फादरचा पुढे आलेला हात तसाच राहिला. त्यांच्या घरून दर गुड फ्रायडेला वांग्याच्या भाजीचा वास थेट चौकापर्यंत येतो, आणि दोनदा वाढून घेतल्याशिवाय ते उठत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी अगदी नम्रपणे म्हणालो, की मला काढायचं तर कारण लिहावं लागेल. खंजिराची फिर्याद लिहायची तर वेळ लिहावी लागेल. वेळ लिहिली की ती बिशपसाहेबांपर्यंत जाणार, की मोन्तेराल्लोच्या अख्ख्या गावाने, फौजदारांनी आणि मोठ्या फादरनी गुड फ्रायडेचा उपास बाराच्या आत मोडला. उपास नीट पाळला तो दोघांनीच. एक बहिरे फादर चेल्सो, आणि दुसरी ती स्वीस बाई, जी प्रॉटेस्टंट आहे.

फादर लिबोरियोंनी डोळे मिटले. मला वाटतं ते प्रार्थना करत होते, किंवा वांगी आठवत होते.

"ओनोरातो," ते शेवटी म्हणाले, "या गावात बारा केव्हा वाजतात, ते कथीड्रल ठरवतं. आज कथीड्रलने ठरवलं. विषय संपला. ती गाठ सोडू नकोस, उगाच दोरी तुटेल."

फौजदारांनी एकोणीस जबाब घडी करून खिशात घातले. राहिली ती स्वीस बाईची लेखी तक्रार. तिला शनिवारी दिवसभर एकटीला फरशी मोजायला दिली, खाली घालायला मोठ्या फादरची स्वतःची उशी दिली, आणि तक्रार परत घेतली.

सहाला मिरवणूक निघाली. विनिचो पुढच्या उजव्या खांद्याला होता. पुरुषांपैकी कुणालाही काही दिसलं नाही. ते पाय बघत होते, वळणं बघत होते, मेणबत्तीचं मेण कुणाच्या कोटावर सांडतंय ते बघत होते. बायकांना मात्र पहिल्या गल्लीतच दिसलं. दारादारांतून त्या वर बघायच्या, मातेच्या छातीकडे, आणि गप्प व्हायच्या. नोटरीणबाई क्लोरिंदा आपल्या बाल्कनीत उभ्या होत्या. त्यांच्या पणजोबांचा खंजीर नाही हे बघून त्यांनी तोंड उघडलं. पण ते तसंच मिटलं. बघत राहिल्या आणि मग आत जाऊन त्यांनी खिडकीत आणखी दोन दिवे लावले. त्यांचा थोरला मुलगा आठ वर्षांचा असताना गेला होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

आर्जिया अगदी शेवटी, हात मोकळे सोडून चालत होती.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर आणखी चारदा खंजीर गुड फ्रायडेला नाहीसा झाला आणि ईस्टरच्या पहाटे परत आला. मावशी सांगते की टाके दर वेळी वेगळ्या हाताचे असतात. एकदा तर इतके वाकडेतिकडे होते, की बाईला सुई धरायची सवय नव्हती हे उघड होतं. त्या वर्षी मी नोटरीणबाईंना नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार केला. कोण नेतं ते मी विचारत नाही आणि फौजदार लिहीत नाहीत.

खडखडा मी आता बरोबर बाराला वाजवतो. मोठं दार मात्र अकरा पस्तीसलाच लावतो आणि किल्ली कमरेला बांधून बाहेर पायरीवर बसतो. गल्लीतून छोल्यांचा वास येत असतो, पोटात कावळे ओरडत असतात, आणि पंचवीस मिनिटं मी मागे वळून बघत नाही.